संकेतपान शोधयंत्रात न दिसणे

आंतरजालावर प्रसिद्ध झालेले, थेट पत्ता टाकल्यास व्यवस्थित उघडणारे पान गूगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांच्या निकालांत न मिळणे. शोधयंत्र प्रत्येक शोधाच्या वेळी सारे जाल धुंडाळत नाही. आधीच वाचून ठेवलेल्या पानांच्या सूचीत, म्हणजे इंडेक्समध्ये, ते शब्द शोधते. निकालात येण्यापूर्वी पानाला चार टप्पे पार करावे लागतात : पत्ता कळणे, पान वाचले जाणे, सूचीत नोंद होणे आणि त्या शोधासाठी क्रम लागणे. पान कोणत्या टप्प्यावर अडले ते न ओळखता केलेला उपाय बहुधा वाया जातो.

पत्ता न कळणे : क्रॉलर ही स्वयंचलित आज्ञावली माहीत असलेल्या पानांवरील दुव्यांवरून नव्या पानांकडे जाते. ज्या पानाकडे एकही दुवा जात नाही, किंवा शोधचौकटीत शब्द भरल्यावरच जे तयार होते, ते तिला सहसा सापडत नाही. अशा पानांसाठी गूगलने २००५ मध्ये साइटमॅप ही पत्त्यांच्या यादीची पद्धत आणली. २००६ मध्ये याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीही ती स्वीकारली. एका साइटमॅप फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते देता येतात. या यादीमुळे पत्ता कळतो. नोंदीची हमी मिळत नाही.

वाचनास अटकाव : मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेल्या रोबॉट्स फाइलद्वारे संकेतस्थळाचा कोणता भाग क्रॉलरने वाचू नये हे सांगता येते. २०२२ मध्ये या प्रथेला आरएफसी ९३०९ या मानकाचे रूप मिळाले. बांधणी चालू असताना संपूर्ण स्थळाला घातलेली बंदी प्रकाशनानंतर काढायची राहून गेली, तर सगळीच पाने वाचनाबाहेर राहतात. लॉगिनची अट, सर्व्हरचे वारंवार बंद पडणे आणि क्रॉलरलाच हल्लेखोर समजणारी सुरक्षाभिंत हीही नेहमी आढळणारी कारणे होत.

नोंद न होणे : पानाच्या एचटीएमएलमध्ये किंवा सर्व्हरच्या उत्तरात ‘नोइंडेक्स’ ही सूचना असल्यास शोधयंत्र पान वाचूनही सूचीत घेत नाही. रोबॉट्स फाइल वाचन थांबवते, नोइंडेक्स नोंद थांबवते. या दोहोंची गल्लत फार होते. दोन्ही एकदम लावल्यास क्रॉलर पान उघडतच नाही, त्यामुळे नोइंडेक्स त्याच्या नजरेस पडत नाही; अन्यत्र दुवे असल्यास तो पत्ता मजकुराविना निकालात येऊही शकतो. 

एकच मजकूर अनेक पत्त्यांवर असल्यास शोधयंत्र त्यांतील एक मुख्य मानते व बाकीचे बाजूला ठेवते. मुख्य पत्ता कोणता, हे सुचवणारी ‘कॅनॉनिकल’ खूण २००९ पासून वापरात आहे. ती चुकीच्या पानाकडे रोखलेली असेल, तर मूळ पान गळते. मजकूर स्क्रिप्टमधून येत असेल आणि ती स्क्रिप्टच क्रॉलरला बंद असेल, तर त्याला पान रिकामे दिसते. अत्यंत तुटपुंजा किंवा इतरत्रचाच मजकूर असलेली पाने वाचूनही वगळली जातात.

मराठी मजकुराची अडचण : देवनागरीचा समावेश यूनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत झाला, तरी त्यानंतरही अनेक वर्षे मराठी मजकूर जुन्या फाँटांत टंकला जात राहिला. या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलमध्ये रोमन अक्षरे व चिन्हेच साठतात. शोधयंत्र साठलेले संकेत वाचत असल्याने मराठी शब्दाने शोधल्यास असे पान लागत नाही. अशा फाँटांतून बनवलेल्या पीडीएफ फाइलींचेही तेच होते. स्कॅन केलेल्या पानांत तर अक्षरे नसून केवळ चित्र असते. तेथे अक्षरओळख करावी लागते आणि पुसट छपाईत व जोडाक्षरांत ती चुकते. यूनिकोडमध्ये रूपांतर करून मुद्रितशोधन करणे हाच खरा उपाय आहे. तो न केल्यास मराठीतील मोलाचे लेखन जालावर असूनही वाचकापर्यंत पोहोचत नाही.

निदान : गूगलचे सर्च कन्सोल व बिंगचे वेबमास्टर टूल्स ही साधने स्थळाच्या मालकाला एकेका पत्त्याची स्थिती विनामूल्य दाखवतात. पत्ता कळला पण पान वाचलेले नाही, आणि पान वाचले पण नोंदवलेले नाही, या दोन वेगळ्या स्थिती आहेत. पहिलीत सर्व्हरचा वेग व अंतर्गत दुवे तपासावेत; दुसरीत मजकुराचा कस व पुनरुक्ती पाहावी. नव्या पानाच्या नोंदीला काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात. पान सूचीत असूनही दिसत नसेल, तर अडचण क्रमाची आहे. तेथे साइटमॅप पुन्हा पाठवून उपयोग नसतो. वाचक ज्या शब्दांत विचारतो त्यांचे नेमके उत्तर पानावर असावे लागते.