गर्भिणींसाठी जीवनसत्त्व-खनिज पूरके
गर्भावस्थेत लोह, फॉलिक अम्ल इ. पोषकद्रव्यांची वाढलेली गरज नेहमीच्या आहारातून भागत नाही, तेव्हा ती द्रव्ये गोळीच्या वा अन्य रूपात वेगळी द्यावी लागतात; त्यांस पूरके म्हणतात. पूरकात काय घालावे आणि किती, या प्रश्नाच्या इतिहासातील दोन महत्त्वाची प्रकरणे महाराष्ट्रात घडली : पहिले मुंबईत, दुसरे पुण्याजवळच्या खेड्यांत.

मातृमृत्यूंच्या चौकशीच्या निमित्ताने ल्यूसी विल्स (१८८८–१९६४) या इंग्लिश रक्तविज्ञ १९२८ मध्ये मुंबईस आल्या. परळ येथील हाफकिन संस्थेत काम करताना त्यांनी गिरण्यांत राबणाऱ्या व इतर गरीब गर्भिणींमधील एका तीव्र पांडुरोगाचा अभ्यास केला. या रोगात रक्तातील तांबड्या कोशिका संख्येने घटतात, पण आकाराने मोठ्या होतात. लोह देऊन गुण येत नाही. प्रथम जंतुसंसर्गाचा संशय होता. विल्स यांनी मात्र रोग्यांच्या स्वयंपाकघराकडे लक्ष वळविले. रोग मुख्यतः फळे, भाज्या व दूध क्वचितच मिळणाऱ्या स्त्रियांत आढळे. अशाच आहारावर ठेवलेल्या उंदरांवर व पुढे माकडांवर त्यांनी प्रयोग केले. मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर रोगी स्त्रिया झपाट्याने बऱ्या होऊ लागल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्कातील अज्ञात द्रव्य पुष्कळ काळ ‘विल्स घटक’ म्हणून ओळखले जाई. द्रव्याचे नाव ठाऊक नसताना त्यावरचा उपाय रुग्णालयात पोहोचला होता, ही या शोधाची विशेष लक्षणीय बाजू होय.

१९४१ मध्ये अमेरिकेत सुमारे चार टन पालकापासून एक अम्ल वेगळे करण्यात आले व ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक अम्ल हे नाव मिळाले. त्याचे संश्लेषण १९४५ च्या सुमारास लेडर्ली प्रयोगशाळेत, भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली झाले.

भारत सरकारने १९७० मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात गर्भिणीस शंभर दिवस रोज ६० मिग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅ. फॉलिक अम्ल देण्याचे ठरले. पुढे लोहाची मात्रा १०० मिग्रॅ. करण्यात आली व २०१८ च्या कार्यक्रमात ती पुन्हा ६० वर आणली गेली. मात्रा वाढविली की मळमळ व मलावरोध वाढतो आणि गोळ्या डब्यातच राहतात. कागदावरील मात्रा व पोटात गेलेली मात्रा यांत म्हणूनच अंतर पडते. कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते, शिवाय त्याची मात्रा मोठी असल्याने गोळी अवजड होते. त्यामुळे ते वेगळे देतात.

के. ई. एम. रुग्णालय, पुणे येथील चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भिणींचा अभ्यास हाती घेतला. या शेतकरी कुटुंबांतील बहुतेक स्त्रियांत फॉलिक अम्लाची उणीव नव्हती. सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांत ब१२ जीवनसत्त्व मात्र कमी होते. हे जीवनसत्त्व केवळ प्राणिज अन्नातून मिळते. शाकाहारात त्याचा मुख्य आधार दूध. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांची तपासणी केली असता, ज्यांच्या मातांत फॉलिक अम्ल भरपूर पण ब१२ कमी होते, त्यांच्यात इन्शुलिन-रोध सर्वाधिक आढळला (२००८). हा केवळ सहसंबंध आहे, कार्यकारणभाव त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही जिथे एका द्रव्याची वाण नाही तिथे तेच देत राहावे आणि ज्याची खरी उणीव आहे ते वगळावे, या प्रथेचा फेरविचार आवश्यक ठरतो. ब१२ च्या अभावी होणारा पांडुरोग फॉलिक अम्लाने सुधारतो, पण तंत्रिकांची हानी चालूच राहते, हे तर पूर्वीच ज्ञात होते.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी १९९९ मध्ये आखलेल्या पंधरा घटकांच्या गोळीत लोह ३० मिग्रॅ., फॉलिक अम्ल ४०० मायक्रोग्रॅ. व ब१२ २·६ मायक्रोग्रॅ. आहे, जस्त, आयोडीन, तांबे व सिलिनियम हीही तीत आहेत. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा पूरकांचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

गर्भाची तंत्रिका नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे बहुतेक स्त्रिया दवाखान्यात येण्यापूर्वीच. म्हणून पुण्याच्या त्याच कुटुंबांतील तरुण मुलामुलींना, गर्भधारणेची वाट न पाहता, रोज २ मायक्रोग्रॅ. ब१२ देण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू करण्यात आला.