जगायला गेलो ती वाट

बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की लोक मिलो, सुकडी आणि खडी फोडणं सांगतात. आम्हा माणदेशातल्यांना आधी आठवतं ते 'जगायला जाणं', म्हणजे गुरं हाकत नदीकाठ गाठणं.

सह्याद्री पाऊस अडवतो, पलीकडं आमच्या वाट्याला वाराच येतो. १९७२ च्या आधीची सालंही कोरडीच गेली होती. मी तेव्हा बारा वर्षांचा. आबांनी दोन बैल आणि गाय सोडली आणि आम्ही दहिवडीवरनं वडूज, पुसेसावळी करत कृष्णाकाठी कराडकडं निघालो. माळावर कुसळ आणि दगड. लांब एखादी बाभळ दिसली की तिथवर चालायचं, मग पुढची हेरायची.

तिसऱ्या दिवशी गाय बसली, उठेना. मी म्हणालो, "आबा, थांबूया की."

"थांबलो तर बैलबी जात्याल, पोरा."

घागरीतलं उरलंसुरलं पाणी त्यांनी तिच्या तोंडात ओतलं, दावं सोडून खांद्यावर टाकलं. पुढं दिवसभर आबा बोलले नाहीत. बैल तेवढे जगले.

१९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. २०१२-१३ च्या दुष्काळात तर माणात चारा छावण्याच लागल्या. चारा कमी पडतो म्हणून तिथं लोक कुरकुरायचे. मीही कुरकुरलो. पण रात्री दावणीला बसलेली गाय बघितली, की ही सकाळी उठेल, एवढ्यानंच बरं वाटायचं.