साधेपणा म्हणजे नेमकं काय?

परवा माळ्यावरची पेटी आवरताना माझा जुना याशिका इलेक्ट्रो ३५ सापडला. १९७८ साली मेहुण्यांनी कुवेतहून आणून दिलेला. खिडकीला डोळा लावला, तर मधोमध तो पिवळसर ठिपका अजून आहे! त्या ठिपक्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सचं कडं फिरवत त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. यालाच रेंजफाइंडर म्हणतात. शिवाय दोन दिवे. पिवळा लागला तर उजेड कमी, हात स्थिर धरा. लाल लागला तर उजेड जास्त. संपला अभ्यासक्रम!

मनात आलं, हा साधेपणा डिजिटल कॅमेऱ्यांत कुठे गेला? म्हणून थोडं वाचलं, आणि माझाच समज कच्चा निघाला.

जर्मनीतल्या वेट्झलार गावी ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला लायका १९२५ साली लोकांपुढे आला, तेव्हा त्यात रेंजफाइंडर नव्हताच. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर आला १९३२ च्या लायका २ मध्ये. म्हणजे आज ज्याला साधेपणाचं दैवत मानतात, ती एके काळची जादा सोयच की! १९५४ च्या एम ३ ने चौकट पाहणं आणि फोकस करणं एकाच खिडकीत आणलं. १९७१ साली एम ५ मध्ये लाइट मीटर घातलं, पण कॅमेरा जाडजूड झाला आणि जुन्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. १९८४ च्या एम ६ मध्ये मीटर जुन्या सुटसुटीत अंगात बसवलं. तो असा काही चालला की २०२२ साली कंपनीने पुन्हा काढला. सोय तीच, एक नापास, दुसरा पहिल्या वर्गात!

डिजिटलमध्येही तीच ओढाताण. पहिला डिजिटल रेंजफाइंडर २००४ चा, एप्सनचा आर-डी १. सहा मेगापिक्सेलचा. आत रोल नाही, तरी दर फोटोआधी खटका ओढायचा. किती फोटो उरले ते घड्याळासारखा काटा दाखवी, आणि मागची स्क्रीन उलटी फिरवून मिटून ठेवता येई. २००६ मध्ये लायकाचा एम ८ आला, २००९ मध्ये एम ९. २०१२ साली जाहीर झालेल्या पुढच्या एममध्ये व्हिडिओ आला, स्क्रीनवर बघून फोकस करणंही आलं. मग उलटी गंगा! २०१६ च्या एम-डीला मागे स्क्रीनच नाही. २०१७ च्या एम १० मधून व्हिडिओ काढून टाकला. आणि २०२५ मध्ये आलेल्या एम ईव्ही १ मधून तर रेंजफाइंडरच गेला. खिडकीत इलेक्ट्रॉनिक पडदा बसला. काही लोकांना हा धर्मबुडवेपणा वाटतो.

मला काय वाटतं?

काही वर्षांपूर्वी एका मुंजीत भाच्याने त्याचा नवा कॅमेरा माझ्या हाती दिला. मातृभोजन चाललं होतं. आई मुलाला शेवटचा घास भरवत होती, आणि मी स्क्रीनवर अचानक उगवलेली कसलीशी यादी बंद करायला बटणं दाबत होतो. मान वर केली तेव्हा पान उचललं गेलं होतं. तो फोटो कुणाकडेच नाही. याउलट माझी आई तुळशीपाशी खळखळून हसतेय, हा तिचा एकमेव हसरा फोटो या याशिकाने रोलच्या शेवटच्या घरात टिपला.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आज त्या ठिपक्यातल्या दोन प्रतिमा माझ्या डोळ्यांना जुळवता येत नाहीत. चित्र मोठं करून दाखवणारा इलेक्ट्रॉनिक पडदा हीच आता माझी काठी. त्याला जादा सोय म्हणून मी कशी नावं ठेवू?

म्हणून बटणं मोजून साधेपणा ठरत नाही, असं मला वाटतं. जी सोय माणसाकडे बघू देते ती साधी. जी स्वतःकडेच बघायला लावते ती अवजड, मग ती एकच का असेना.

असो. याशिका पुसून पुन्हा पेटीत ठेवला आहे. आईचा फोटो मात्र बाहेर काढला.