महिन्याची पेटी : न निवडलेल्या खाऊचा इतिहास

दरमहा ठरावीक रक्कम भरायची आणि घरपोच येणाऱ्या पेटीची वाट पाहायची. तीत जपानी तांदळाच्या कुरकुरीत चकत्या निघतील, कुठल्याशा प्रांतातली मिठाई निघेल, कधी नाव उच्चारता न येणारे पेय निघेल. काय येणार, हे ग्राहकाला ठाऊक नसते आणि त्या ठाऊक नसण्याचेच तो पैसे मोजतो. ही कल्पना मोबाईलच्या युगातली वाटते; परंतु तिची मुळे शोधू गेल्यास वाट नव्वद वर्षे मागे, अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात गिऱ्हाईक न उरलेल्या नासपतीच्या बागांकडे जाते. त्या बागांची आणि त्यांना जगवणाऱ्या टपालाची ही हकीकत.

आधी टपालाविषयी. १९१२ सालापर्यंत अमेरिकेच्या टपालातून चार पौंडांहून जड पुडके देशांतर्गत पाठवता येत नसे. त्यापुढचा माल खाजगी एक्स्प्रेस कंपन्यांच्या हाती होता. दर त्या ठरवत आणि आडवळणाच्या खेड्यांकडे फिरकत नसत. शेतकरी संघटनांनी वर्षानुवर्षे रेटा लावल्यावर १ जानेवारी १९१३ रोजी सरकारी पार्सल टपाल सुरू झाले. प्रारंभी अकरा पौंडांची असलेली मर्यादा लवकरच वाढली. लोकांनी या सोयीचा किती शब्दशः अर्थ घेतला, याचे एक उदाहरण अमेरिकेत आजही कौतुकाने सांगितले जाते. १९१४ साली आयडाहो राज्यातल्या एका आईवडिलांनी पाच वर्षांच्या मुलीच्या कोटाला टपालाची तिकिटे लावली आणि आगगाडीच्या टपाल डब्यातून तिला आजीकडे रवाना केले. रेल्वेच्या तिकिटापेक्षा ते स्वस्त पडले.

त्याच वर्षी टपाल खात्याने शेतमाल थेट शहरातल्या ताटात पोहोचवण्याची मोहीम काढली. अंडी, लोणी, कोंबड्या, भाजी विकू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून त्या शहरवासीयांना वाटल्या. मधला दलाल हटेल, शेतकऱ्याला दोन पैसे अधिक मिळतील, गृहिणीला माल स्वस्त पडेल, असा हिशेब होता. कागदावर तो बरोबर होता. प्रत्यक्षात अंडी फुटत, माल वाटेत खराब होई, एका खेपेची प्रत दुसऱ्या खेपेला मिळत नसे आणि घासाघीस पत्राने करावी लागे. पहिल्या महायुद्धानंतर ती मोहीम विरून गेली. टपालाने माल वाहून नेला होता. न पाहिलेल्या माणसाच्या मालावरचा भरवसा मात्र त्याला वाहून नेता आला नव्हता.

हा भरवसा निर्माण करण्याची युक्ती सापडली ती खाद्यपदार्थांत नव्हे, पुस्तकांत. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये हॅरी शेरमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ काढला. जाणत्या परीक्षकांची समिती दरमहा एक पुस्तक निवडणार आणि ते सभासदाच्या घरी टपालाने जाणार. सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर या इंग्रज लेखिकेची ‘लॉली विलोज’ ही कादंबरी त्याची पहिली निवड होती. त्या वेळी सभासद पाच हजारांच्या आतच होते. निवडीचा भार दुसऱ्यावर सोपवण्यातही सुख असते आणि त्या सुखासाठी लोक पैसे देतात, हे या क्लबाने दाखवून दिले. त्याने आणखीही एक गोष्ट रूढ केली. तिच्याकडे पुढे यावेच लागेल.

आता नासपतीकडे. सिअ‍ॅटलमधील सॅम्युएल रोझेनबर्ग या हॉटेलमालकाने १९१० साली आपले ‘सोरेंटो’ हे आलिशान हॉटेल सोडून ऑरेगनच्या रोग नदीच्या खोऱ्यात, मेडफर्डजवळ, २४० एकरांची नासपतीची बाग घेतली. त्या काळी त्या खोऱ्यात फळबागांचे वेड पसरले होते आणि जमिनीचे भाव चढत होते. काही वर्षांतच तो वारला आणि बाग हॅरी व डेव्हिड या दोन मुलांकडे आली. दोघेही कॉर्नेल विद्यापीठात शेतीचे शिक्षण घेतलेले. त्यांनी लक्ष एकाच वाणावर केंद्रित केले. तो वाण म्हणजे कोमीस, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधल्या आंझे शहरी निपजलेला.

कोमीस हे मोठे लहरी फळ आहे. साल इतकी पातळ की बोटाचा दाबही डाग पाडतो. झाडावर पिकू दिले तर आतून बिघडते. म्हणून ते कठीण असतानाच उतरवायचे, काही आठवडे थंडीत ठेवायचे आणि मग घरच्या उबेत मऊ होऊ द्यायचे. खोऱ्यात वसंतातल्या पहाटे दहिवर गोठले की मोहोर गेला. ते टाळण्यासाठी रात्र रात्र तेलाच्या शेगड्या पेटवून बागेत धूर आणि ऊब धरावी लागे. इतका खर्च सोसणारे गिऱ्हाईक म्हणजे न्यूयॉर्क, लंडन, पॅरिसमधली बडी हॉटेले. १९२० च्या दशकात ही फळे तिथे ‘रॉयल रिव्हिएरा’ या भारदस्त नावाने मिरवली.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. मंदीत पहिली काटछाट होते ती अशाच चैनीची. हॉटेलांची मागणी आटली, पण झाडांना मंदी ठाऊक नसते. फळ दर शरदात येतच राहिले. लिलावात मिळणारा पैसा आगगाडीच्या भाड्यालाही पुरू नये, अशी अवस्था त्या वर्षांत अमेरिकेतल्या अनेक बागाइतदारांची झाली. (सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून, हमाली-तोलाई वजा जाता, शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडल्याची २०२३ सालची बातमी ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे गणित समजावून सांगायला नको.)

१९३४ साली या भावांनी दलाल आणि लिलाव दोन्ही वगळून फळे थेट टपालाने विकायचे ठरवले. एकेका पेटीत मोजकी, निवडक, कागदात गुंडाळलेली फळे. ती आधी मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांकडे नमुन्यादाखल गेली. हिशेब धूर्त होता : अशा माणसांना नाताळात शेकडो लोकांना भेटी पाठवाव्या लागतात. १९३६ साली ‘फॉर्च्यून’ या धनिकांच्या मासिकात त्यांची जाहिरात आली. जी. लिन समनर या जाहिरातकाराने तिचा सूर मुद्दाम भोळाभाबडा ठेवला होता. आम्ही दोघे साधे बागवान, आणि आमची नासपती एवढ्या मोठ्या मासिकात, असा. हॉटेलमालकाच्या, विद्यापीठात शिकलेल्या मुलांचा हा भोळेपणा कितपत खरा होता, हे निराळे. मागण्या मात्र खऱ्या आल्या.

नाताळ संपला की पुढे काय, या प्रश्नातून त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘फ्रूट ऑफ द मंथ क्लब’ जन्मला. पुस्तकांच्या क्लबाची छाया नावातच दिसते. डिसेंबरात नासपती, मग सफरचंदे, संत्री, उन्हाळ्यात पीच. ताज्या फळांच्या ओढाताणीच्या महिन्यांत मुरंब्यांच्या बरण्या. बागेच्या दृष्टीने ही व्यवस्था अमोल होती. पैसे आधी हाती येत, किती माल लागणार ते ठाऊक असे आणि भाव लिलावाच्या हातोड्यावर अवलंबून राहत नसे.

इथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. कोणत्या महिन्यात काय जाणार, हे क्लबाच्या जाहिरातीत छापलेलेच असे. पैसे भरणाऱ्याला ते माहीत होते. अनपेक्षिताचा आनंद होता तो पेटी उघडणाऱ्याचा आणि ती व्यक्ती बहुधा वेगळी असे : दूर राहणारी आई, जुना गिऱ्हाईक, आजारी मित्र. म्हणजे पेटीत काय आहे हे एका माणसाने दुसऱ्यासाठी ठरवलेले असे. आजच्या पेटीत हे नाते उरलेले नाही. तिथे देणारा आणि घेणारा एकच आहे आणि निवड करतो तो तिसराच.

त्या तिसऱ्याच्या हातात किती सत्ता द्यावी, हा वाद मात्र पुस्तकांच्या क्लबापासूनच चालू आहे. क्लबाच्या आरंभी नापसंत पुस्तके परत येऊ लागली, तेव्हा त्याने युक्ती काढली. पुढच्या महिन्याच्या निवडीची सूचना आधी धाडायची. ठरल्या मुदतीत नकार आला नाही, तर पुस्तक रवाना करायचे आणि बिल लावायचे. मौन म्हणजे संमती. ही पद्धत पुढे ग्रामोफोनच्या तबकड्यांपासून नाण्यांपर्यंत पसरली. सभासद होणे सोपे आणि सुटणे अवघड, अशा तक्रारींचा ढीग साचल्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७३ साली त्यासाठी नियम केला : अटी स्पष्ट सांगा, नकार कळवायला पुरेसा अवधी द्या. पन्नास वर्षांनीही प्रश्न तोच होता. ज्या सहजतेने वर्गणी सुरू होते त्याच सहजतेने ती बंद करता आली पाहिजे, असा नवा नियम त्याच आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढला. जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने कार्यपद्धतीच्या त्रुटीवरून तो रद्द केला.

पेयांचा मार्ग अधिक खडतर होता. कॅलिफोर्नियात ‘वाइन ऑफ द मंथ क्लब’ १९७२ साली निघाला, परंतु अमेरिकेत दारूबंदी उठवताना १९३३ साली मद्याचे नियमन राज्यांकडे गेले होते आणि कित्येक राज्यांनी परराज्यातली बाटली थेट ग्राहकाच्या दारी येऊ देण्यास मनाई केली होती. आपल्याच राज्यातल्या द्राक्षमद्य उत्पादकांना मुभा आणि परक्यांना बंदी, हा भेदभाव सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरवला. महिन्याच्या बाटलीमागे असा खटला होता.

पुस्तकांच्या क्लबाची सुधारणा अमेरिकेत नियमाने होत असता, जपानमध्ये ‘येईल ते घेऊ’ या तत्त्वाला अगदी निराळे वळण लागले होते. १९५५ साली आर्सेनिक मिसळलेल्या दूधभुकटीने शंभराहून अधिक अर्भके दगावली होती. त्यानंतर मिनामाताचा पारा देशाने पाहिला होता. बाजारातल्या अन्नावरचा विश्वास उडालेल्या गृहिणींचे गट थेट शेतकऱ्यांकडे जाऊ लागले. १९७१ साली तेरुओ इचिराकू यांच्या पुढाकाराने सेंद्रिय शेतीची संघटना स्थापन झाली आणि या व्यवहाराला ‘तेईकेई’, म्हणजे हातात हात घेणे, हे नाव रूढ झाले. तिच्या तत्त्वांपैकी एक असे की, शेतकऱ्याने पिकवलेले सारे ग्राहकाने स्वीकारावे. मुळ्याचा हंगाम असेल तर मुळे येणार. ते खारवून ठेवण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. इथेही निवड नव्हती, पण ती का नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते आणि शेत पाहायला जाता येत होते. गिरणगावातल्या खानावळीत महिन्याचे पैसे देऊन ताटात पडेल ते जेवणाऱ्या कामगाराला हा करार परका वाटला नसता. क्लबांच्या साऱ्या घराण्यात तेईकेई सर्वांत सरळ म्हणावी लागेल. १९८६ पासून अमेरिकेतही याच धर्तीच्या शेतपेट्या सुरू झाल्या.

त्यानंतर आली ती खाऊची पेटी. ब्रिटनमध्ये ‘ग्रेझ’ने २००८ च्या सुमारास सुकामेवा आणि चटकमटक खाण्याची चपटी खोकी काढली, घराच्या दारातल्या पत्रांच्या फटीतून आत सरकावीत, एवढीच त्यांची जाडी. ग्राहकाने प्रत्येक पदार्थाला शेरा द्यायचा : फेकण्याजोगा, चाखून पाहीन, आवडला, फार आवडला. पुढचे खोके त्या शेऱ्यांवरून संगणक भरणार. अनपेक्षित म्हणून विकले जाणारे हे खोके शेऱ्यागणिक अधिकाधिक अपेक्षित होत जाते, हे गमतीचे आहे. पाठोपाठ जपानी खाऊच्या मासिक पेट्या आल्या. ‘बोक्सू’सारख्या कंपन्यांनी पिढीजात छोट्या मिठाईवाल्यांचा माल परदेशी दारांत पोहोचवला, एरवी ज्यांची ख्याती गावाच्या वेशीबाहेर गेली नसती असे हे कारागीर. प्रवासाहून परतताना त्या त्या गावची मिठाई सहकाऱ्यांसाठी आणण्याची जपानी रीत, ‘ओमियागे’, अशा रीतीने प्रवासाविना होऊ लागली.

आणि पुन्हा एकदा टपालाने आठवण करून दिली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा परदेशी माल विनाशुल्क आत येई. याच सवलतीवर परदेशातून थेट येणाऱ्या छोट्या पेट्यांचा हिशेब उभा होता. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सर्व देशांसाठी बंद झाली. शुल्क कोणी आणि कसे वसूल करायचे, याची व्यवस्थाच तयार नसल्याने अनेक देशांच्या टपाल खात्यांनी अमेरिकेची पार्सले घेणे थांबवले. जपान त्यांत होता आणि भारतही. भारतीय टपालाने २५ ऑगस्टपासून हे बुकिंग स्थगित केले.

मराठी घरांत त्याची झळ लागली ती फराळाच्या डब्यांना. चकल्या, चिवडा, अनारसे, बेसनाचे लाडू. या डब्यात अनपेक्षित असे काहीच नसते आणि न्यू जर्सीत तो उघडणाऱ्याला तेच हवे असते. खाजगी कुरिअरची वाट मोकळी होती, दर त्यांचे. भारतीय टपालाचे अमेरिकेचे बुकिंग पुन्हा सुरू झाले ते १५ ऑक्टोबरला. नरकचतुर्दशी २० तारखेला होती.