पितळी वाद्यें व फ्रेंच 'तु'

लग्नाची वरात असो वा सणाची मिरवणूक, पितळी बाजाचा नाद कोपरगांवच्या गोदातीरीं नवा नाहीं. परंतु ह्या वाद्यांची विद्या कोणत्या भाषेच्या मुखांतून आली, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आणि त्याचा भुर्दंड शिकणाऱ्या मुलांस भरावा लागतो.

कॉर्नेटवर वा ट्रंपेटवर सूर सुटा होतो तो जिभेनें. ती वरच्या दांतांमागें टेकून श्वास अडविते व मागें सरतांच वारा सुटतो. ही क्रिया शिष्यास सांगावी कशी? तबल्याचे बोल जसे आधीं मुखानें म्हणावयाचे, तशीच रीत युरोपांतहि जुनी आहे. व्हेनिस येथें गानास्सीनें १५३५ सालीं उभ्या बासरीच्या ग्रंथांत अशीं अक्षरें छापिलीं. पुढें फ्रेंच बासरीवादक ओत्तेतेर ह्यानें १७०७ सालीं 'तु' व 'रु' दिलीं. लियॉं येथें १८२५ सालीं जन्मलेल्या झां-बाप्तिस्त आर्बां ह्यानें १८६४ सालीं कॉर्नेटचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतहि 'तु' हेंच मूळ अक्षर. जलद दुहेरी जिभेस 'तु-कु', तिहेरीस 'तु-तु-कु'. दीडशें वर्षें लोटलीं तरी तो ग्रंथ जगभर शिकविला जातो.

अडचण येथेंच आहे. हा 'तु' आपला 'तू' नव्हे. फ्रेंच स्वर उच्चारतांना ओंठ 'उ'चे गोल, पण जीभ मात्र 'ई'प्रमाणें पुढें व उंच. वाचकांनीं 'ई' म्हणत, जीभ न हलवितां, ओंठ तेवढे गोल करून पाहावे. जो चमत्कारिक ध्वनि निघेल तोच तो. त्यायोगें 'क'चा आघातहि टाळूच्या पुढील भागीं होतो. 'की' व 'कू' ओळीनें म्हटल्यास हा भेद कळेल. जलद वादनांत 'त' व 'क' ह्यांमधील अंतर जितकें थोडें तितकें सोयीचें.

इंग्रज वाचकानें तींच अक्षरें 'टू-कू' अशीं वाचलीं. जीभ मागें गेली, आणि दंत्य 'त'च्या जागीं हिरडीवरचा 'ट' आला. आपल्याकडे ह्या बाजावर इंग्रजी पलटणींच्या बँडांची व इंग्रजी पुस्तकांची छाप. म्हणून मराठी मुलगाहि 'टू-कू' घोकतो. वस्तुतः फ्रेंच 'त' दंत्य, म्हणजे आपल्या 'त'चा सख्खा भाऊ! जें मुलाच्या मुखांत आधींच आहे तें इंग्रजींतून फिरवून आणतांना हरवलें. गोमंतकांत हा फेरा पडण्याचें कारण नव्हतें, कारण कोंकणी व पोर्तुगीज दोहोंतहि 'त' दंत्यच. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत नांव केलेले ट्रंपेटवादक चिक चॉकलेट (१९१६-१९६७) व फ्रँक फर्नांड त्याच भूमींतले. तो फ्रेंच स्वर मात्र तेथेंहि नाहीं.

ह्यावरून फ्रेंच स्वराविना वादन साधत नाहीं, असा अर्थ कोणी काढूं नये. इंग्लंडांत उत्तम वादक थोडे झाले नाहींत. स्वर हा जिभेस जागा दाखविणारा केवळ वाटाड्या. पण 'तुझी जीभच जड' असें म्हणून मुलास बाजूस बसविणाऱ्या उस्तादानें आधीं त्याच्याकडून 'ती-की' म्हणवून घ्यावें, मग जीभ तशीच ठेवून ओंठ गोल करवावे, आणि त्यानंतरच वाद्य हातीं द्यावें.