द्विमितीय प्लॅटफॉर्म व्हिडिओ गेममधील संगीत आणि खेळपद्धती

द्विमितीय प्लॅटफॉर्म व्हिडिओ गेम हा व्हिडिओ गेमचा एक प्रकार आहे. त्यात खेळाडूचे पात्र पडद्यावर बाजूने दिसते आणि धावणे, उडी मारणे, चढणे अशा क्रियांनी खड्डे, फलाट व शत्रू ओलांडत पुढे सरकते. इ.स. १९८१ ते इ.स. १९९५ या काळात प्रसिद्ध झालेले या प्रकारातील खेळ सामान्यतः अभिजात मानले जातात. या खेळांतील संगीत केवळ पार्श्वसंगीत नसते. उडीचा काळ, शत्रूची चाल आणि स्वराची लांबी या तिन्ही गोष्टी यंत्रातील एकाच घड्याळावर मोजल्या जात असल्याने संगीत हा खेळाच्या नियमांचाच भाग ठरतो. त्यामुळे दोन खेळांची तुलना करताना ते कोणत्या यंत्रावर खेळले गेले हेही पाहावे लागते. ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांसह भारतात हे खेळ मुख्यतः प्रतिरूप यंत्रांवर पोहोचल्यामुळे येथे हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

निन्टेन्डो कंपनीचा डाँकी काँग (इ.स. १९८१) हा उडीवर आधारलेला आरंभीचा प्रमुख प्लॅटफॉर्म खेळ होय. त्यात पात्राने हातोडा उचलला की संगीत बदलते आणि हातोड्याचा प्रभाव संपताच पूर्ववत होते. खेळातील स्थिती कानाला कळवण्याची ही पद्धत पुढे या प्रकारात रूढ झाली. डेव्हिड क्रेन यांच्या पिटफॉल २ (इ.स. १९८४) या खेळासाठी अटारी २६०० च्या कार्ट्रिजमध्येच एक स्वतंत्र चिप बसवली होती. तिच्यामुळे मूळ यंत्राला न झेपणारे अनेक पदरी संगीत वाजवता आले. खजिना मिळाल्यावर उत्साही, तर पात्र जखमी झाल्यावर खिन्न सुरावट वाजे.

ध्वनियंत्रणा

इ.स. १९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्रात ध्वनीसाठी पाच वाहिन्या होत्या: दोन चौकोनी तरंगाच्या, एक त्रिकोणी तरंगाची, एक तालवाद्यासारख्या आवाजासाठी वापरली जाणारी नॉइज वाहिनी आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. चाल व तिची साथ चौकोनी तरंगांवर, खर्ज त्रिकोणी तरंगावर आणि ताल नॉइज वाहिनीवर अशी सर्वसाधारण विभागणी असे. खेळातील आवाजांसाठी स्वतंत्र वाहिनी नव्हती. त्यामुळे सुपर मारिओ ब्रदर्समध्ये पात्राने उडी मारली की एक चौकोनी वाहिनी क्षणभर उडीच्या आवाजाकडे जाते आणि संगीताचा तेवढा पदर थांबतो. परिणामी प्रत्येक खेळाडूला तीच चाल स्वतःच्या खेळाप्रमाणे थोडी वेगळी ऐकू येते.

सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह (इ.स. १९८८) या यंत्रात फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन पद्धतीच्या सहा वाहिन्या आणि जुन्या पद्धतीच्या आणखी चार वाहिन्या होत्या. सुपर फॅमिकॉम (इ.स. १९९०) या यंत्रात सोनी कंपनीची ध्वनिचिप होती. ती ध्वनिमुद्रित नमुन्यांच्या आठ वाहिन्या वाजवू शके. मात्र त्यांच्यासाठी केवळ ६४ किलोबाइट स्मृती उपलब्ध होती.

प्रमुख खेळांची तुलना

सुपर मारिओ ब्रदर्स (इ.स. १९८५)

या खेळाचे संगीत कोजी कोंडो यांचे आहे. खेळात ८ जगे व ३२ पातळ्या असून संपूर्ण कार्ट्रिज सुमारे ४० किलोबाइटचे होते. एवढ्या जागेत थोड्याच चाली बसत असल्याने प्रत्येक चालीला ठिकाण ओळखून देण्याचे काम दिलेले आहे. जमिनीवरील चाल लॅटिन अमेरिकी वळणाची व उड्या मारणारी आहे. भूमिगत चालीत सुरांइतकेच महत्त्व मधल्या शांततेला आहे, तर पाण्याखालील चाल तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये आहे. पाण्यात मारिओ धावू शकत नाही, तरंगत वर-खाली होतो; त्याच्या या गतीशी तीन मात्रांचा झोका जुळतो. बटण किती वेळ दाबले यावर उडीची उंची ठरते आणि हवेत असतानाही दिशा काही प्रमाणात वळवता येते. वेळमापक १०० वर आला की इशाऱ्याची धून वाजते व चाल द्रुत लयीत सुरू होते. चांदणी मिळाल्यावर वाजणारी छोटी धून संपणे म्हणजे अभय संपत आल्याची खूण होय. यांमुळे नजर उडीवर ठेवून उरलेला वेळ कानाने जाणता येतो.

कॅसलव्हेनिया (इ.स. १९८६)

कोनामी कंपनीच्या या खेळाचे संगीत किनुयो यामाशिता व सातोए तेराशिमा यांनी रचले. येथे उडी घेतल्यानंतर दिशा बदलता येत नाही आणि चाबूक चालवण्यास किंचित विलंब लागतो. प्रत्येक कृती आधी ठरवूनच करावी लागते. संगीत मात्र जोरकस व पुढे ढकलणारे आहे. पात्राची जड चाल आणि संगीताची घाई यांतील हा ताण मारिओतील सुसंवादाच्या अगदी उलट आहे.

मेगा मॅन (इ.स. १९८७) आणि मेगा मॅन २ (इ.स. १९८८)

कॅपकॉम कंपनीच्या पहिल्या खेळाचे संगीत मानामी मात्सुमाए यांचे, तर दुसऱ्याचे प्रामुख्याने ताकाशी तातेइशी यांचे आहे. पातळ्यांचा क्रम खेळाडू स्वतः निवडतो. पहिल्या खेळात अशा सहा व दुसऱ्यात आठ पातळ्या असून प्रत्येकीला स्वतंत्र चाल आहे. मारिओत चाल ठिकाणाचा प्रकार सांगते, तर येथे ती विशिष्ट प्रतिस्पर्ध्याची ओळख बनते. अवघड पातळी पुन्हा पुन्हा खेळावी लागत असल्याने तीच चाल अनेकदा ऐकली जाते. म्हणून ठळक सुरावट आणि वेगवान साथ यांवर या रचनांचा भर आहे.

सॉनिक द हेजहॉग (इ.स. १९९१)

सेगाच्या या खेळाचे संगीत ड्रीम्स कम ट्रू या जपानी गटाचे मासातो नाकामुरा यांनी दिले. खेळपद्धती उतार व संवेगावर आधारलेली असून उडीसाठी एकच क्रिया पुरते. वेगाचे बूट मिळाले की पात्राबरोबर संगीताचीही लय वाढते. पाण्याखाली सॉनिकचा श्वास सुमारे ३० सेकंद टिकतो. तो संपत आल्यावर नेहमीची चाल थांबते आणि चढत जाणारी धोक्याची धून वाजू लागते. मारिओतील घाईच्या इशाऱ्याशी याचे साम्य असले, तरी येथे खेळाडूला उपाय उपलब्ध असतो: हवेचा बुडबुडा मिळताच मूळ संगीत परत येते.

सुपर मारिओ वर्ल्ड (इ.स. १९९०) आणि डाँकी काँग कंट्री (इ.स. १९९४)

सुपर मारिओ वर्ल्डमध्ये कोंडो यांनी एकाच मूळ सुरावटीची ठिकाणांनुसार वेगवेगळी रूपे केली. मारिओ योशी या प्राण्यावर बसला की त्याच चालीत तालवाद्याचा पदर मिसळतो आणि उतरताच तो निघून जातो. रेअर कंपनीच्या डाँकी काँग कंट्रीचे संगीत मुख्यतः डेव्हिड वाइज यांचे आहे. त्याच्या पाण्याखालील पातळ्यांत ठळक तालाऐवजी संथ, लांबवलेले सूर आहेत. येथे संगीत उडीचा क्षण सुचवत नाही, तर वातावरण उभे करते. याच यंत्रावरील हे दोन खेळ संगीताच्या दोन भिन्न भूमिका दाखवतात.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील प्रसार

इ.स. १९९५ मध्ये सेगाने शॉ वॉलेस कंपनीमार्फत मेगा ड्राइव्ह भारतात आणला. त्याची किंमत सुमारे १८,००० रुपये होती. तत्कालीन मध्यमवर्गीय कुटुंबाला ती परवडणारी नव्हती. घरोघरी पोहोचली ती फॅमिकॉमची स्वस्त प्रतिरूप यंत्रे. बोलीभाषेत या यंत्राला ‘टीव्ही गेम’ किंवा नुसते ‘व्हिडिओ गेम’ आणि कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हटले जाई. अनेक कॅसेटींवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ वेगवेगळ्या नावांनी किंवा वेगवेगळ्या पातळ्यांपासून पुन्हा पुन्हा दिलेले असत. सुपर मारिओ ब्रदर्स, अ‍ॅडव्हेंचर आयलंड आणि धावत गोळीबार करण्याचा काँट्रा हे त्यांतील परिचित खेळ होत.

मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील ठाणे, डोंबिवली व कल्याण या शहरांत १९९० च्या दशकात नोकरदार वर्गाची वस्ती झपाट्याने वाढली. मुंबईतील ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार येथील रहिवाशांना लोकलने गाठता येई. चाळीत किंवा सोसायटीत एकाच्या घरी यंत्र असले की सुट्टीत तेथे मुले जमत आणि कॅसेटींची अदलाबदल होत असे. याशिवाय तासाच्या भाड्याने खेळ खेळू देणारी पार्लरेही होती. सुपर मारिओ ब्रदर्समध्ये प्रगती जतन करण्याची सोय नसल्याने वीज गेली की खेळ पहिल्या पातळीपासून सुरू करावा लागे. त्यामुळे पहिल्या जगाचे संगीत सर्वाधिक वेळा ऐकले गेले.

पन्नास हर्ट्झचा प्रश्न

जपान व अमेरिकेतील दूरचित्रवाणी सेकंदाला सुमारे ६० प्रतिमा दाखवण्याच्या पद्धतीवर चाले. भारतात मात्र ६२५ रेषांची, सेकंदाला ५० प्रतिमांची पाल पद्धत होती. फॅमिकॉमवरील बहुतेक खेळ आपला काळ प्रतिमांच्या, म्हणजेच फ्रेमच्या, संख्येत मोजतात. १८ फ्रेम लांबीचा स्वर ६० हर्ट्झवर ०.३ सेकंद टिकतो, तर ५० हर्ट्झवर ०.३६ सेकंद. म्हणून पाल पद्धतीच्या प्रतिरूप यंत्रावर जपानी वा अमेरिकी आवृत्ती चालवली की खेळ व संगीत दोन्ही सुमारे एक षष्ठांशाने मंदावतात.

सुपर मारिओ ब्रदर्सच्या वेळमापकाचे एक एकक २४ फ्रेमचे असते. पहिल्या पातळीवरील ४०० एकके ६० हर्ट्झवर सुमारे १६० सेकंदांत, तर ५० हर्ट्झवर सुमारे १९२ सेकंदांत संपतात. खड्ड्याची रुंदी व उडीची लांबी बदलत नाही. मात्र प्रत्येक निर्णयासाठी खेळाडूला एक पंचमांश अधिक वेळ मिळतो. खेळ तेवढा सोपा होतो आणि त्याची चाल तेवढीच संथ वाजते.

लय बदलली तरी स्वर जवळजवळ तोच राहतो, हे या यंत्रांचे वैशिष्ट्य आहे. पाल पद्धतीच्या प्रतिरूप चिपचे घड्याळ सुमारे १.७७३ मेगाहर्ट्झवर चालते. मूळ यंत्राचे घड्याळ सुमारे १.७९० मेगाहर्ट्झचे होते. हा फरक अर्धस्वराच्या सुमारे सहाव्या भागाइतकाच आहे. निन्टेन्डोच्या अधिकृत युरोपीय यंत्राचे घड्याळ सुमारे १.६६३ मेगाहर्ट्झचे असल्याने त्यावर न सुधारलेल्या खेळाचे संगीत अर्धस्वरापेक्षा अधिक खाली उतरते. काही प्रतिरूप चिपांत चौकोनी तरंगाच्या दोन रुंदींची अदलाबदलही झालेली आढळते. त्यामुळे चाल तीच राहते, पण आवाजाचा पोत बदलतो.

अधिकृत आवृत्त्यांतही सर्वत्र समान तोडगा नव्हता. ५० हर्ट्झच्या मेगा ड्राइव्हवर पहिल्या सॉनिकचा खेळ व संगीत दोन्ही मंद चालतात. सॉनिक द हेजहॉग २ (इ.स. १९९२) मध्ये संगीताची लय मूळ वेगाला आणली गेली, खेळ मात्र मंदच राहिला. येथे संगीत व खेळपद्धती यांचे नाते सुटलेले दिसते.

जतन आणि मूल्यमापन

अभिजात खेळांविषयीचे लेखन बहुधा जपानी किंवा अमेरिकी यंत्रावरील अनुभव प्रमाण मानते. लय, काठिण्य आणि आवाजाचा पोत यांविषयीची त्यातील विधाने ५० हर्ट्झच्या प्रतिरूप यंत्रावर खेळलेल्यांच्या आठवणींशी जुळतीलच असे नाही. ठाणे किंवा डोंबिवलीत अशा यंत्रावर मारिओ खेळलेल्या व्यक्तीला आज संगणकावरील अनुकरण प्रणालीत तोच खेळ अधिक वेगवान वाटणे स्वाभाविक आहे. ही स्मृतीची चूक नसून दोन यंत्रांतील मोजता येणारा फरक आहे.

मेसेन, एफसीईयूएक्स यांसारख्या अनुकरण प्रणालींत या कालमापनासाठी ‘डेंडी’ असा पर्याय असतो. हे नाव रशियात विकल्या गेलेल्या प्रतिरूप यंत्रावरून आले आहे. त्याच प्रकारच्या चिपा वापरणाऱ्या भारतातील यंत्रांचे कालमापनही या पर्यायाने पुन्हा अनुभवता येते. मात्र खऱ्या यंत्राचा ध्वनी, त्याच्या चिपांची नावे व कॅसेटींतील खेळांची यादी यांची नोंद प्रत्यक्ष यंत्र उपलब्ध असतानाच करता येते. स्वस्त बांधणीची ही यंत्रे व कॅसेटी बहुधा भंगारात जात असल्याने भारतातील या खेळांच्या ध्वनीचा पुरावा अधिकृत यंत्रांच्या तुलनेत अधिक वेगाने नष्ट होत आहे.