अंकुशी रुपयावरचे व्रण: टाकसाळीतले की बाजारातले?

फोन बिघडला की सर्व्हिस सेंटरवाला पहिल्यांदा काय विचारतो? कंपनीतूनच असा आला, की तुमच्या हातून पडला? आज हाच प्रश्न आपण पुण्याच्या जुन्या चांदीच्या रुपयाला विचारणार आहोत.

प्रश्न महत्त्वाचा का आहे? कारण नुसतं ओरखडलेलं नाणं ‘मिंट एरर’ म्हणून चढ्या भावात विकलं जातं. आणि अस्सल नाणं ‘तुटकं दिसतंय’ म्हणून चांदीच्या भावात आटणीला जातं. पहिल्यात पैसे जातात. दुसऱ्यात नाणंच जातं, आणि ते परत येत नाही.

पेशवाईत पुण्यात पडणारा रुपया म्हणजे अंकुशी. त्यावर हत्ती हाकायच्या अंकुशाची खूण असते. मजकूर मात्र फारसी, मुघल बादशहाच्या नावाचा. टाकसाळीचं नाव ‘मुहियाबाद पूना’. मुहियाबाद हे औरंगजेबाच्या काळात पुण्याला मिळालेलं नाव. राज्य पेशव्यांचं, नाणं बादशहाच्या नावाचं! बाजारात ओळखीचं नाणं चालतं, म्हणून हा मामला.

आता हे नाणं बनायचं कसं? वजन करून घेतलेली चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. सगळं हाताने. ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे अख्खा मजकूर नाण्यावर मावायचाच नाही. म्हणून अर्धवट अक्षरं दिसली की ‘झिजलंय’ म्हणू नका. कडेला कापलं गेलेलं अक्षर शेवटपर्यंत उठावदार असेल, तर ते जन्मापासून तसंच आहे. झिजलेलं अक्षर सपाट, गुळगुळीत होतं. कड कानशीने घासली असेल, तर घासल्याच्या रेघा दिसतात आणि वजनही कमी भरतं. अंकुशी रुपया साधारण ११ ग्रॅमचा.

घावाने चांदी पसरते, तेव्हा कडेला बारीक चीर पडू शकते. तीही टाकसाळीतलीच. घाव दोनदा बसला आणि मध्ये चकती हलली, तर अक्षरं दुहेरी उमटतात.

माझा आवडता नियम मात्र हा: रेघ उंच आहे की खोल? ठसा तडकला की त्या भेगेत चांदी शिरते आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. म्हणजे दोष ठशाचा. ओरखडा उलट असतो. तो खोल जातो, अक्षर असो वा मोकळी जागा, सगळ्यांवरून सलग जातो, आणि त्याच्या काठाला चांदी थोडी वर सरकलेली असते. आम्ही कोडमध्ये बग शोधताना आधी काय बदललं ते बघतो. इथेही तेच: आधी काय घडलं, नंतर काय?

आता खरी गंमत. काही रुपयांवर छोटे ठिपके, चंद्रकोरी, चांदण्या ठोकलेल्या दिसतात. या सराफांच्या खुणा. त्या काळी तऱ्हेतऱ्हेचे रुपये चालायचे. सराफ नाणं वाजवून, तपासून घ्यायचा, आपली खूण ठोकायचा आणि कमअस्सल नाण्यावर बट्टा कापायचा. ‘नावाला बट्टा लागणे’ यातला बट्टा तोच! या खुणा टाकसाळीतल्या नाहीत, नंतरच्याच आहेत. पण त्यांना नुसतं नुकसान कसं म्हणायचं? नाणं कुणाच्या तरी हाताखालून गेलं, तपासलं गेलं, याचा तो पुरावा आहे. छिद्र किंवा कडेवरचा डाख दिसला, तर ते नाणं कुणाच्या तरी गळ्यात होतं.

पुढे १८३५ साली कंपनी सरकारने सगळीकडे एकसारखा रुपया आणला. यंत्रावर पाडलेला, ११.६६ ग्रॅमचा, कडेला बारीक दाते असलेला. त्याच्यावर ठसा सरकलेला असेल, तर ती खरंच चूक, म्हणून दुर्मीळ. अंकुशीवर तेच रोजचं. म्हणून ‘एरर’ म्हणण्याआधी नाणं हातोड्याचं की यंत्राचं, ते बघा.

शेवटचं, घरच्या पूजेतल्या नाण्यांबद्दल. लक्ष्मीपूजनाला ती चिंच किंवा पावडर लावून लखलखीत करू नका. घासलं की उंच रेघ, ओरखड्याचा काठ, सराफाची खूण, सगळंच बोथट होतं. त्यापेक्षा बाजूने टॉर्च मारा, जवळून फोटो काढा, वजन करा. तुमच्या देव्हाऱ्यातलं नाणं काय सांगतंय, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटूया पुढच्या भागात!